दत्तारामच्या गाडीचा स्नॉर्कल

दत्तारामने गाडी गॅरेजच्या तोंडाशी उभी केली तेव्हा मी एका टॅक्सीखाली आडवा होतो. आवाजावरून कळलं, डिझेल आहे, एसयूव्ही आहे. माणूस कोण, ते बाहेर आल्यावर कळलं.

"हे बसवून पाहिजे," तो म्हणाला आणि डिकीतून एक लांब खोका काढला. आत काळ्या प्लास्टिकची जाड, वाकडी नळी.

"ठेवा इथे. बोनेट उघडा," मी म्हणालो.

'ठेवा' त्याला लागलं असणार. परळच्या एका गिरणीत साचेखात्यात, म्हणजे कापड विणायच्या मागांवर, आम्ही दोघं शेजारी-शेजारी उभे असायचो. एकमेकांच्या डब्यात जेवायचो. मग संप झाला. महिने जात राहिले, आणि एक दिवस पोलिसांच्या पहाऱ्यात गेटमधून आत जाणाऱ्या बसमध्ये मला दत्ताराम दिसला. त्यानंतर पंचवीसेक वर्षं आम्ही बोललो नव्हतो. माझा थोरला भाऊ संपात गावी गेला, तो तिकडेच खंगून संपला. मी वडाळ्याला ट्रकच्या गॅरेजात काम शिकलो आणि पुढे लालबागला हा गाळा घेतला. दत्तारामची गिरणी तरी कुठे राहिली? ती बंद पडली तेव्हा आत गेलेलेही रस्त्यावर आले. तो कुठल्याशा ऑफिसात ड्रायव्हर लागला होता. हे सगळं मी ऐकून होतो. विचारलं कधीच नव्हतं.

"स्नॉर्कल कशाला तुम्हाला? जंगलात जाणार?"

"हिंदमात्याला जाणार," तो म्हणाला. हसला नाही. "सुनंदाला डायलिसिस आहे. आठवड्यातून तीनदा, परळला. आम्ही राहतो वडाळ्याला. गेल्या पावसाळ्यात वाटेत हिंदमात्याला पाणी भरलं, एकही टॅक्सीवाला यायला तयार नाही. खेप चुकली. अंगातलं पाणी छातीत चढलं तिच्या. आयसीयूत ठेवली. ही गाडी पोराने जुनी घेऊन दिलीय. पण पाण्यात बंद पडली तर काय उपयोग?"

सुनंदावहिनी मला माहीत होती. लग्न होऊन आली तेव्हा दत्ताराम आमच्याच चाळीत राहायचा.

गाडीला हवा लागते. ती हवा बहुतेक गाड्यांत हेडलाइटच्या मागून, बोनेटखालून आत येते, एका डब्यातल्या फिल्टरमधून गाळली जाते आणि इंजिनात जाते. रस्त्यावरचं पाणी त्या तोंडापर्यंत आलं की इंजिन हवेऐवजी पाणी ओढतं. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. आतला दांडा वाकतो आणि इंजिन कायमचं बसतं. स्नॉर्कल म्हणजे ते तोंड उचलून टपाच्या उंचीवर नेऊन ठेवायचं. एवढीच भानगड.

पण त्यासाठी फेंडर, म्हणजे पुढच्या चाकावरचा पत्रा, कापावा लागतो. खोक्यात कागदाचा साचा होता. मी तो पत्र्यावर चिकटवला, काढला, पुन्हा चिकटवला. दत्ताराम बाजूला उभा होता.

"कापू?" मी विचारलं. "परत जोडता येत नाही."

"काप."

होल-सॉ, म्हणजे गोल भोक पाडायची करवत, लावली. कापलेल्या कडेला गंज धरू नये म्हणून प्रायमर मारला. नळी बसली, स्क्रू बसले. बाहेरून बघणाऱ्याला वाटलं असतं, काम झालं. दत्तारामलाही वाटलं. त्याने खिशातून चावी काढली.

"थांबा. अजून बघायचंय."

ही चाचणी मला वडाळ्याच्या उस्तादाने शिकवली होती. इंजिन चालू ठेवायचं आणि नळीचं वरचं तोंड रबराच्या जाड तुकड्याने बंद करायचं. सगळी हवा नळीतूनच येत असेल तर इंजिन गुदमरून बंद पडायला हवं. मी स्टुलावर चढलो आणि रबर दाबून धरलं. इंजिनाचा आवाज जरा बदलला. पण ते चालूच राहिलं.

"चांगलं आहे की," दत्ताराम म्हणाला.

"चांगलं नाही. हवा दुसरीकडून येतेय. जिथून हवा येते तिथून पाणीही येणार."

त्याला वर चढवून रबर धरायला लावलं. मी उदबत्ती पेटवली आणि बोनेटखाली एकेका सांध्याजवळ फिरवली. जोडाच्या रबरी होजजवळ धूर सरळ वर गेला. फिल्टरच्या डब्याच्या झाकणाजवळही सरळ. डब्याच्या खालच्या कोपऱ्याशी मात्र तो वाकला आणि झर्रकन आत गेला. आरसा धरून पाहिलं. डबा तिथे तडकलेला होता. आधीच्या कोणीतरी एम-सील थापलं होतं, तेही सुटलं होतं. वर टपापर्यंत नळी आणि खाली उघडं भोक.

"डबाच बदलावा लागेल," मी म्हणालो. "कुर्ल्याला भंगारात बघतो. नाही मिळाला तर ऑर्डर करू."

"किती दिवस?"

"सांगता येत नाही."

"परवा तिची खेप आहे. मोठी भरती आहे, पाऊसही सांगितलाय. सिलिकॉन लाव आणि दे."

"सिलिकॉन नाही टिकणार. तडा हलतोय."

"मग आहे तशी दे! मी बघतो काय ते."

"नाही देणार."

तो जवळ आला. आवाज खाली आणून म्हणाला, "राग काढतोयस माझ्यावर? बसमधून गेलो त्याचा?"

इतक्या वर्षांत ते वाक्य आमच्यामध्ये पहिल्यांदा उच्चारलं गेलं. माझ्या हातातली उदबत्ती अजून जळत होती. मी ती विझवली.

"राग आहे," मी म्हणालो. "म्हणूनच देत नाही. उद्या वहिनी पाण्यात अडकली तर अख्खं लालबाग म्हणेल, शंकऱ्याने डाव साधला. आणि लोकांचं सोड. मलाच तसं वाटत राहील, दत्ता."

तो स्टुलावर बसला. मग म्हणाला, "आई अंथरुणाला खिळली होती तेव्हा."

"माहीत होतं मला."

"मग?"

"माझा भाऊही होता, दत्ता."

त्याने चावी माझ्या बाकड्यावर ठेवली आणि चालत निघून गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाळा बंद ठेवून मी कुर्ल्याला गेलो. चौथ्या की पाचव्या दुकानात ठोकर खाल्लेली तशीच गाडी उभी होती, पण डबा शाबूत होता. आणून बसवला. डब्याच्या तळाला पाणी काढायचं छोटं रबर असतं, ते नवीन घातलं. सांध्यांना क्लॅम्प कसले. दत्तारामला बोलावलं आणि त्यालाच रबर धरायला सांगितलं. त्याने तोंड दाबलं. इंजिन दोनदा थरथरलं आणि बंद पडलं. तो घाबरून माझ्याकडे बघायला लागला.

"आता झालं," मी म्हणालो.

खेपेच्या दिवशी पाऊस खरंच कोसळला. दुपारी त्याचा फोन आला. "येतोस? गाडी मी चालवतो. तू नुसता बाजूला बस."

मी गेलो. वहिनी मागे बसली होती. चेहरा सुजलेला, हाताला पट्टी. मला बघून तिने पदर सावरला.

"भावोजी, गाडी बंद तर पडाची नाय ना?"

"नाही पडणार, वहिनी."

हे मी बोललो खरा, पण नळी फक्त हवेचं बघते. वायरिंग जुनी होती, दरवाज्यांची रबरं जुनी होती. ते मी दत्ताला आदल्या दिवशीच सांगितलं होतं. पाणी बोनेटच्या वर दिसलं तर परत फिरायचं, असं आमचं ठरलं होतं.

हिंदमात्याला पाणी हेडलाइटला लागलं. दोन टॅक्सी बोनेट उघडून उभ्या होत्या. "पहिला गिअर. ॲक्सिलरेटरवरून पाय उचलू नकोस. घाईही करू नकोस," मी सांगत होतो. मागे वहिनी देवाचं नाव घेत होती. पायाखाली पाणी आलं, कार्पेट भिजलं. इंजिनाचा आवाज मात्र एकसारखा राहिला. चौक ओलांडल्यावर रस्ता चढायला लागला आणि पाणी मागे पडलं. दत्ताने गाडी कडेला घेतली, क्षणभर कपाळ स्टिअरिंगला टेकवलं, आणि पुन्हा गिअर टाकला.

वहिनी खेपेला वेळेवर पोचली. मी आणि दत्ता खाली बाकावर बसून राहिलो, चार तास. दत्ताने घरून आणलेल्या थर्मासमधला चहा दोनदा झाला. संपाविषयी थोडं बोललो. तो चुकला असं त्याने म्हटलं नाही, आणि मी माफ केलं असंही म्हटलं नाही. त्याचं त्याच्यापाशी राहिलं, माझं माझ्यापाशी. चहा मात्र एकाच थर्मासमधला प्यायलो.

सुनंदावहिनी त्यानंतर आणखी दोन पावसाळे राहिली. पाण्यामुळे तिची एकही खेप चुकली नाही. गेली ती थंडीत, घरी, झोपेत. हृदय थांबलं. खांदा द्यायला मी होतो.

मी आता निवृत्त आहे. कोणी मेकॅनिक विचारायला आला तर त्याला एकच सांगतो. नळी बसवणं हे काम नव्हे. तोंड दाबून इंजिन बंद पडतंय का ते बघणं, हे काम. बंद पडलं नाही, तर गिऱ्हाईक कितीही चिडो, चावी देऊ नका.