कुणाला न दिसणारं वाक्य

माझ्या पडद्यांच्या दुकानाचं अ‍ॅप शेजारची अनघा बनवते. काल तिच्या लॅपटॉपवर एक रिकामी चौकट दिसली. अ‍ॅपला ग्राहकाचा कॅमेरा कशासाठी हवा, ते तिथे लिहायचं होतं.

"मला नकोच आहे कॅमेरा!" मी ओरडलो.

"काका, आपण दुसऱ्यांचा तयार कोड घेतलाय, त्यात कॅमेऱ्याची सोय आहे. कारण लिहिल्याशिवाय अ‍ॅप मंजूर होत नाही. काहीही लिहा, ग्राहकाला ते दिसणारसुद्धा नाही."

अस्तराकडची शिलाईही कुणाला दिसत नाही. पण ती वाकडी असली, की मला त्या पडद्याचा भाव छातीठोकपणे सांगता येत नाही. भावात मी कुणाचं ऐकत नाही, पण सुती सांगून पॉलिस्टर कधी विकलं नाही. तरी थोरला भाऊ भर लग्नात म्हणाला होता, "हा खरं बोलला तर मला कळवा." सगळे हसले. ते हसू अजून खुपतं.

"लिही," मी म्हणालो. "आम्ही तुमचा कॅमेरा वापरत नाही. बाहेरून घेतलेल्या कोडमध्ये ती सोय आहे, म्हणून हे लिहिलं."

अनघाने तसंच लिहिलं. भावाला कळवायला मी फोन उचलला, मग खाली ठेवला आणि दोन चहा सांगितले.