वाघमारे मॅडमचा बोनस

दुसऱ्या ट्रकसाठी कर्ज मागायला कुणी आलं, की वाघमारे मॅडम त्याच्या पहिल्या ट्रकमध्ये चढून बसायच्या. "चला, गोदावरीच्या पुलापर्यंत न्या." परत येईपर्यंत गाडी कशी आहे आणि माणूस कसा आहे, हे त्यांनी ताडलेलं असे. वाहनकर्ज देणाऱ्या आमच्या कंपनीच्या शहागड शाखेच्या त्या मॅनेजर, मी त्यांच्या हाताखाली. त्यांचं गाव धावडा. चिडल्या की गावची बोली बाहेर पडे.

तेव्हा बोनस कर्जवाटपावर मिळे. मार्चअखेर जितकी कर्जं, तितका बोनस. पुढे हप्ते थकले तरी तो परत जात नसे. त्यामुळे मार्चमध्ये बाकीच्या शाखा येईल त्याला गाडी देत. आम्ही कायम मागे. मी कुरकुरलो, तर म्हणाल्या, "बोनस आपल्या खिशात आन् गाडी वढून आणायचं काम दुसऱ्याकडं, हे बराबर न्हाई."

एका वर्षी वाटूर शाखेची पुष्कळ कर्जं बुडाली. जालन्याच्या बैठकीत कंपनीच्या मोठ्या साहेबांनी उपाय विचारला. मॅडम उठल्या. "बोनस तीन वर्षं धरून ठेवा. कर्ज फिटलं तरच द्या." नियम झाला. त्या दुपारी जेवायला त्यांच्या शेजारी कुणी बसलं नाही.

पण नंतर आम्ही उलटेच वागू लागलो. भाजी वाहायला जुना टेम्पो घेऊ पाहणाऱ्या एका बाईला मी दारातूनच नकार दिला. मॅडम भडकल्या. "आधी हावरट होतात, आता भित्रे झालात. दोन्ही टायमाला बोनसकडंच पाहून राह्यलात. मंग त्या बाईकडं कोण पाहणार?" दुसऱ्या दिवशी त्या तिच्यासोबत बाजारात गेल्या, तिचा धंदा पाहिला आणि आपल्या सहीनं कर्ज दिलं.

पुढच्या वर्षी त्यांच्या नवऱ्याला लकवा मारला. त्यांनी नोकरी सोडली. सोडून जाणाऱ्याचा राखलेला बोनस बुडेल, असं कंपनीनं त्याच नियमात घातलं होतं.

"साहेबांना सांगा," मी म्हणालो. "तुमचाच नियम आहे, सूट देतील."

"म्या सुचवलेला हाय, म्हणून तर मला सूट मागता येत न्हाई."

मात्र जाताना त्यांनी साहेबांना गाठून सांगितलं, की घरच्या आजारपणामुळे कुणी गेलं तर यापुढे त्याचा बोनस बुडवू नका. ते मान्य झालं, पण त्यांनी नोकरी सोडल्यानंतर; त्यांचा स्वतःचा बोनस बुडालाच. सांगायला मी धावड्याला गेलो, तेव्हा त्या नवऱ्याला धरून अंगणात चालवत होत्या.

"झालं का? बरं झालं," म्हणाल्या, आणि नवऱ्याकडे वळल्या. "हां, आता डावा पाय."