लुगड्यासकट वजन

माझ्या चार बाळंतपणांनी मिळून मला जेवढं दमवलं नाही, तेवढं माझ्या थोरल्या बहिणीच्या यजमानांनी एका उन्हाळ्यात दमवलं. भावजी ठाण्याच्या एका प्रयोगशाळेत माणसाच्या अंगात चरबी किती आणि दम किती, हे मोजायचे. हा उद्योग त्यांनी तिथेच ठेवला असता तर माझी काही तक्रार नव्हती. पण कातडीची जाडी मोजायचा चिमटा सदा त्यांच्या कोटाच्या खिशात असे. एका लग्नात त्यांनी पंगतीत बसलेल्या नवरदेवाच्या वडिलांच्या पोटाला तो लावला आणि म्हणाले, "वा, भरघोस!" ताई आठवडाभर बोलली नाही, ते त्यांच्या लक्षातही आलं नाही. कुणी जिना चढून धापा टाकत आलं, की पाणी विचारायच्या आधी त्याची नाडी यांच्या हातात. नळावरून भांडायला आलेले शेजारीसुद्धा एकदा मनगट पुढे करून मुकाट बसले होते.

मी नुकती इंटर सायन्स झालेली. मनगटावर घड्याळ, नाक वर. भावजींनी मदतीला बोलावलं तेव्हा मैत्रिणींना सांगत सुटले, "मी संशोधन करतेय!" संशोधन म्हणजे एक हौद आणि त्यावर काट्याला टांगलेली खुर्ची. माणसाला खुर्चीत बसवून पार बुडवायचं, श्वास सोडायला लावायचं आणि वजन घ्यायचं. चरबी जितकी जास्त, तितका माणूस पाण्यात हलका. पुरुष मिळाले, बायका मिळेनात. आणि मोठ्या साहेबांनी बजावलेलं, बायकांची मोजणी नाही झाली तर हौद बंद.

शेवटी कोलशेतच्या मिठागरावरच्या बाया आल्या. त्यांच्यातली म्हातारी भावजींना म्हणाली, "आमाला बुरवून तुला काय गावनार रं?"

"ते अजून मलाही ठाऊक नाही, आजी."

एवढ्यावर ती खूश. फक्त साहेबांनी मागवलेला पोहायचा आखूड पोशाख तिने दोन बोटांत धरून पाहिला आणि माझ्या अंगावर टाकला. "ही पोर घालंल." शास्त्रज्ञबाई लाजून आत पळाल्या!

बाया लुगड्यासकट उतरल्या. लुगडं फुगे, काटा नाचे. बायांनी आडोशाला लुगडं बदलायचं, ओलं लुगडं आम्ही पाण्यात वेगळं तोलायचं आणि वजनातून वजा करायचं, असं भावजींनी ठरवलं. लुगड्यात अडकलेली हवा दाबून काढायला मी. सकाळभर छातीभर पाण्यात उभी राहून मी लुगडी थापटत असे. संध्याकाळी वेणी घालायलाही हात उचलत नसत.

एक दिवस साहेब आले. पाहिलं आणि हसले. "आता काय लुगड्यांची वजनं छापणार? पोशाख घालायला लावा, नाहीतर बंद करा."

भावजींना आवाज चढवणं कधी जमलंच नाही. ते हळूच म्हणाले, "मग बंद करा." आणि कितीतरी वेळ चष्मा पुसत राहिले.

बायांना निरोप पोचला नव्हता. त्या ठरल्या दिवशी आल्या, तर हौद कोरडा. भावजींनी हात जोडले, "तुम्हाला उगाच खेप पडली." म्हातारीने त्यांना नीट न्याहाळलं.

"तुजा वजन केलास का कंदी?"

"नाही."

"बस मंग."

भावजी निमूट खुर्चीत बसले. तिने काट्याकडे पाहिलंसुद्धा नाही. त्यांच्या पाठीवरून हात फिरवून म्हणाली, "पार सुकलास रं. जेवत जा." बाया हसल्या, भावजीही हसले.

काट्यावरचा आकडा फक्त मी वाचला होता, घड्याळवाली ना मी! आज तो आठवत नाही. कोरड्या हौदावर लोंबणारे त्यांचे बारीक पाय मात्र दिसतात.