काय दिवे लावलेत?

विज्ञानाच्या बाईंना अख्खी शाळा ठिणगीबाई म्हणायची. पहिल्याच वर्षी विजेचा धडा शिकवताना त्यांनी साऱ्या मजल्याचा फ्यूज उडवला होता, तेव्हापासूनचं नाव. स्वभाव बघता ते जन्मतःच ठेवायला हवं होतं.

मुख्याध्यापकांना प्रयोगशाळेच्या जागी बैठकीची खोली हवी होती. "प्रयोग फळ्यावर काढा. मुलं तशीही पास होतात." बाई ऐकेनात, तेव्हा सरांनी सगळ्या शिक्षकांसमोर विचारलं, "एवढ्या वर्षांत काय दिवे लावलेत तुम्ही तिथे? सोमवारी किल्ली द्या, नाहीतर तुमच्या जागी दुसऱ्या बाई येतील."

सगळे आपापल्या चहात बघत बसले.

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "मेले सगळे शिक्षक, एकसर जोडणीतले बल्ब!" घरी येऊन त्या नवऱ्यापुढे कडाडल्या. "एक विझला की सगळे गार!"

"अगं, पाण्यात राहून माशाशी वैर कशाला? देऊन टाक किल्ली."

"तुमचं हे जडत्व! कुणी ढकलल्याशिवाय जागचं हलायचं नाही."

सोमवारी प्रयोगशाळेची वीजच तोडलेली होती. अंधारात कशी शिकवते बघू, असा सरांचा डाव. बाईंनी प्रकाशाच्या प्रयोगांसाठी शिवलेले काळे पडदेही ओढून घेतले आणि टॉर्चच्या उजेडात सेल, तारा, छोटे बल्ब मुलांपुढे टेबलावर ओतले. "जोडा. सगळे मिळून एकच जोडणी, समांतर." कुणी सेल उलटा घातला, कुणाची तार निसटली. बाई ओरडल्या, हसल्या, पुन्हा जोडायला लावलं.

सर किल्ली न्यायला आले, तर टेबलभर दिवे.

"हा काय तमाशा?"

"तुम्हीच विचारलं होतं ना सर, काय दिवे लावलेत? मोजून घ्या."

वर्ग फिस्सकन हसला. सरांनी रागाने हाताशी आलेला बल्ब उपटला. बाकीचे तसेच जळत राहिले.

वर्गात कधीच तोंड न उघडणारी मागच्या बाकावरची मुलगी उठली. "समांतर आहे, सर. एक काढला तरी बाकीचे विझत नाहीत."

नोकरी गेली तर गेली, असं बाईंना पहिल्यांदाच खरोखर वाटलं.

"किल्ली," सरांनी हात पुढे केला.

"आधी तो बल्ब होता तिथे लावा," ठिणगीबाई म्हणाल्या. "वर्ग चालू आहे."