लाल वायर आणि रिकामा बोर्ड

भुताखेतांवर, नवस-अंगाऱ्यांवर माझा कधी विश्वास नव्हता. आजही नाही. गणित शिकलेली मी. जे पटत नाही ते बाजूला ठेवून द्यायची सवय. ही एकच गोष्ट इतक्या वर्षांत बाजूला राहिली नाही, म्हणून लिहिते.

१९६३च्या सुमाराची गोष्ट. आमचं घराणं बंगळूरचंच, कित्येक पिढ्यांचं. मी आणि माझा थोरला भाऊ अण्णा शिवाजीनगरहून बसने एकाच कारखान्यात कामाला जात असू. तिथे प्रत्येक कामगाराची माहिती भोकांनी नोंदलेलं एक कार्ड असे. भोकं मी पाडायची. ती कार्डं वाचून याद्या छापणारं एक मोठं यंत्र होतं. कोणती यादी छापायची, ते त्यात सरकवलेल्या बोर्डावरून ठरे — पाटीएवढी चौकट, शेकडो छिद्रं आणि त्यांत खोचलेल्या वायरी. हे बोर्ड अण्णा तयार करायचा.

त्याची एक पद्धत होती. कार्डांना हात लावायचा नाही, यंत्रालाही नाही. नवं काम आलं की नवा बोर्ड. हजेरीचा वेगळा, रजेचा वेगळा. "घर तेच गं, पाहुणे तेवढे बदलायचे," म्हणायचा.

छातीच्या एक्स-रेचा बोर्डही त्याचाच. एक्स-रे झाला की मी त्या वर्षीच्या कार्डात एक भोक पाडायची; ज्यांच्या कार्डात ते नसे त्यांचे नंबर तो छापून द्यायचा आणि कारखान्याचा दवाखाना त्यांना बोलावून घ्यायचा. क्षयाची भीती होती तेव्हा. पण दवाखान्यातल्या त्या रांगेत सगळे पुरुष आणि मी एकटी... मला फार लाज वाटायची. एकदा बसमध्ये मी अण्णाला विचारलं, माझं नाव गाळता नाही का येणार?

तो हसला. "एकटीचं गाळलं तर दिसेल, सुमे. अख्खा विभागच गाळतो. तिघं तर आहोत आपण."

तिघं म्हणजे आमचे साहेब मूर्तीसर, अण्णा आणि मी. दुसऱ्या दिवशी त्याने बोर्डात एक लाल वायर खोचली. आमच्या विभागाचं कार्ड आलं की यंत्र न छापता पुढे जाऊ लागलं.

दोन वर्षं आम्हाला कुणी बोलावलं नाही. अण्णाचा खोकला आधी धुळीचा ठरला, मग थंडीचा. रक्त पडलं तेव्हा डॉक्टर म्हणाले, वर्षभर आधी आला असतात तर... लाल वायरीचं नाव अण्णाने शेवटपर्यंत काढलं नाही. मीही नाही.

तो गेल्यावर महिन्याभराने दवाखान्याला यादी वेगळ्या तऱ्हेची हवी झाली, आणि मूर्तीसरांनी मला तो बोर्ड रिकामा करायला सांगितला. मी एकेक वायर काढली. लाल सगळ्यांत शेवटी. मग आमच्या रिवाजाप्रमाणे रिकामा बोर्ड यंत्रात घालून कार्डं फिरवली. कागद कोरा आला की बोर्ड साफ, असं समजायचं. सकाळचे अकरा वाजले होते.

कागद कोराच सरकत होता. मग यंत्र खडखडलं. तीन ओळी आल्या — मूर्तीसरांचा नंबर, माझा नंबर, अण्णाचा नंबर.

सरांनी बोर्ड काढून खिडकीशी धरला. एकही वायर नव्हती.

"त्याचं कार्ड काढलं नव्हतंस का?" त्यांनी कन्नडमध्ये हळूच विचारलं.

काढलं होतं. पटावरून त्याचं नाव कमी झालं त्याच दिवशी, मी स्वतः. ते घरी माझ्या पुस्तकात होतं. आम्ही पुन्हा कार्डं फिरवली. कागद कोरा.

सरांनी त्या तीन ओळींचा कागद फाडून घेतला. मग म्हणाले, "चल अम्मा, आत्ताच जाऊन येऊ."

बाराच्या सुमारास मी एक्स-रेच्या रांगेत उभी राहिले. पुढच्या माणसांनी मला वाट दिली. दोन मिनिटांत झालं. एवढंच होतं ते.

फोटो स्वच्छ निघाला. सरांचाही. म्हणजे आम्हाला वाचवायला ते छापलं गेलं, असंही म्हणता येत नाही.

यंत्र जाणणाऱ्यांना मी पुढे विचारून पाहिलं. कुणी वीज उरली असेल म्हणालं, कुणी मनाचे खेळ. पण तो कागद सरांनीही पाहिला होता. लाल वायरीबद्दल मात्र मी सरांनाही कधी सांगितलं नाही. आज पहिल्यांदाच लिहिते आहे.

त्या संध्याकाळी घरी येऊन पुस्तक उघडलं होतं. अण्णाचं कार्ड जागच्या जागी होतं. एक्स-रेच्या रकान्यात भोक नव्हतं. ते पाडायचं काम माझं होतं.