पहिलं पाणी

दोंदेमामा नमस्कारसुद्धा जमिनीकडे बघूनच करायचे. हातात छातीपर्यंत पोचणारा सागवानी दांडा, त्याच्या वरच्या टोकाला वाटीसारखा खोलगट भाग. खालचं टोक रस्त्यावर टेकवायचं, वाटीला कान लावायचा आणि भर मल्हारगंजाच्या गर्दीत डोळे मिटून उभं राहायचं. जाणारे-येणारे चिडवत, “क्यों मामा, फोन लगा क्या?” मामा डोळे न उघडता सांगायचे, “लागला ना भिया. तुझ्याच घरचा पाईप रडतोय.”

मामा मूळचे मिलचे फिटर. सूत तुटू नये म्हणून कताईखात्यात हवा ओली ठेवावी लागे. तिथले पाण्याचे पाईप त्यांच्या ताब्यात. मिलला टाळं लागलं आणि ते आमच्या पाणीखात्यात रोजंदारीवर आले. मी तिथल्या प्रयोगशाळेत नवी रसायनतज्ज्ञ होते. एम.एस्सी.ची शाई वाळायची होती आणि डोकं आभाळाला टेकलेलं होतं. दांड्याला कान लावून पाईपची गळती शोधणाऱ्या माणसाला मी मनातल्या मनात हसायचे, हे कबूल करते.

त्या उन्हाळ्यात मिलमागच्या चाळीत उलट्या-जुलाब सुरू झाले. मामा त्याच चाळीत राहायचे. मी तीनदा जाऊन पाण्याचे नमुने आणले, तीनदा तपासले, तीनदा ‘पिण्यास योग्य’ लिहून सही केली. तिसऱ्या सहीच्या दुसऱ्या दिवशी चाळीतल्या सरूबाईंची चार वर्षांची मुलगी गेली.

मामा प्रयोगशाळेत आले ते माझाच कागद हातात घेऊन. आवाज चढलेला नव्हता, त्याचीच मला जास्त भीती वाटली.

“ताईजी, कागदात पाणी चांगलं आहे. मग पोरगी कशानं गेली?”

मी माझीच सही पुन्हा वाचली. ते म्हणाले, “बाटली कशी भरता, जरा करून दाखवा.”

मी पुस्तकात होतं तसं दाखवलं. नळाचं तोंड ज्योतीवर भाजलं, दोन-तीन मिनिटं पाणी वाहू दिलं, मग बाटली धरली. मामा स्टुलावर मटकन बसले.

“पहिलं पाणी सोडून देता?”

“तसा नियमच आहे, मामा.”

“आणि आमच्या चाळीचा नियम माहीत आहे? पाणी एक दिवसाआड येतं, कधी जाईल भरोसा नाही. म्हणून पहिलं पाणी पिण्याच्या घड्यात, मागचं धुण्याला. पाणी बंद झालं की खाली पाईप साँस खेचतो, ताईजी. मिलमध्ये पंप थांबला की फटीतून सगळा गाळ आत यायचा. इथे तर पाईपला खेटून सांडपाण्याची नाली आहे. जे आत खेचलं जातं, ते पहिल्या घड्यात येतं.”

तीनही वेळा मी नेमकं तेच पाणी मोरीत सोडून दिलं होतं.

पाणी पुन्हा यायचं होतं उद्या सकाळी सहाला. तपासणीला लागणार दोन दिवस. खात्याच्या साहेबांकडे धावले, तर त्यांनी माझेच तीन कागद माझ्यापुढे सरकवले. “रिपोर्ट साफ असताना सप्लाय बंद करू? तुमचीच सही आहे ना?” त्यांचंही चूक नव्हतं. माझी सही माझ्याच आडवी आली होती.

सकाळी सहाच्या आधी आम्ही चाळीत पोचलो. घड्यांची रांग लागली होती. मामा प्रत्येक घड्यापाशी जाऊन विनवत होते, “पहिला घडा ओतून द्या, बाई. आणि मागचं पण उकळूनच प्या.” कोणी ऐकेना. एकजण ओरडली, “मिल बंद झाली, आता पाणी पण फेकायचं? सरकारी कागद तर म्हणतो चांगलं आहे!”

नळ सूं-सूं करायला लागला. पाईपमधली हवा बाहेर पडत होती, मागून पाणी येत होतं. मामा माझ्याकडे वळले.

“ताईजी, तुम्ही बोला. कागद तुमचा आहे.”

इतकी भीती मला त्याआधी कधी वाटली नव्हती, नंतरही नाही. नोकरीची होतीच; पण खरी भीती रांगेत पुढे उभ्या असलेल्या सरूबाईंची होती. कसाबसा आवाज काढला. “कागद चुकीचा आहे. मी पाणी चुकीचं तपासलं. चूक माझी आहे.”

सरूबाईंचा घडा तोवर अर्धा भरला होता. त्यांनी माझ्याकडे बघत तो उचलला आणि माझ्या पायांशी रिकामा केला. मग मागचे घडेही भरले तसे एकेक करून उपडे झाले. माझ्या चपला भिजल्या होत्या आणि मला तिथून हलता येत नव्हतं.

ओतल्या जाणाऱ्या एका घड्यातून मी पहिल्या पाण्याची एक बाटली भरली, नंतर नळाखाली मागच्या पाण्याची दुसरी. तेवढ्यात मामांनी दांडा टेकवत गल्ली पालथी घातली आणि नालीच्या कडेला खडूने फुली मारली. तिथेच खोदलं. पाईपचा सांधा बोटभर उघडा होता, नालीचा काळा चिखल त्यात शिरलेला. दोन दिवसांनी पहिल्या बाटलीच्या सगळ्या परीक्षानळ्यांत बुडबुडे आले, म्हणजे पाणी घाणेरडं. दुसरीच्या नळ्या स्वच्छ. तेव्हापासून आमच्याकडे प्रत्येक नळाच्या दोन बाटल्या भरल्या जातात. या नव्या नियमाच्या कागदावर नाव माझं लागलं. मामा रोजंदारीवरच राहिले, आणि याची मला आजही लाज वाटते.

पुढे मिलमधल्या कापसाच्या धुळीने त्यांची छाती धरली. शेवटचं भेटायला दवाखान्यात गेले, तेव्हा त्यांना पाणी हवं होतं. मी नळावरून पेला भरून आणला. एवढ्या धापेतही त्यांनी विचारलं, “पहिलं का?”

“नाही मामा. पहिलं तपासायला बाटलीत भरलं. पर्समध्ये आहे.”

ते हसले, हसता हसता खोकले. मग म्हणाले, “सही करताना अजून डर लागतो, ताईजी?”

“लागतो, मामा. दर वेळी लागतो.”

“मग ठीक आहे,” म्हणाले, आणि माझ्या हातचा पेला त्यांनी पूर्ण रिकामा केला.