राजवाड्याला मुराळी मिळेना

माझ्या थोरल्या जाऊबाईंनी आजवर जगातल्या एकाही माणसाला परकं मानलेलं नाही, आणि तो माणूस जगात खरोखर असलाच पाहिजे अशी त्यांची अटही नाही. बेळगावजवळच्या खानापुराच्या पुढे, रानाला लागून असलेल्या आमच्या गावात सगळे त्यांना आक्का म्हणतात. मीही म्हणते. थोरली जाऊ म्हणजे दुसरी सासू, जपून राहा, असं आईनं मला लग्नात बजावलं होतं. मी जपूनच राहिले असते, पण पहिल्याच सकाळी आक्का म्हणाल्या, "उद्यापास्नं भात तू लाव गं. माझा करपतो, आणि हे घर इतकी वर्षं गुमान खातंय." आमच्या भागातल्या बायका स्वतःबद्दल बोलताना 'मी आलो, मी गेलो' असंच बोलतात. आक्कांच्या तोंडी ते इतकं शोभतं, की शाळेत मराठी शिकवणाऱ्या मलाही त्यांची क्रियापदं दुरुस्त करावीशी कधी वाटली नाहीत.

रेल्वेत शेजारी बसलेल्या बाईला आक्का तिचं माहेर विचारतात आणि लोंढा स्टेशन येईपर्यंत ती त्यांची लांबची मावसबहीण निघते. टीव्हीवर बातम्या देणारा मुलगा एकदा खोकला, तर आक्कांनी त्याला हळद-दूध घ्यायला सांगितलं, आणि दुसऱ्या दिवशी तो खोकला नाही याचं श्रेयही घेतलं. बँकेत फोन लावला की एक बाई यंत्रातून "कृपया प्रतीक्षा करा" म्हणते ना, तिला आक्का म्हणतात, "बस बाई, घाई न्हाय. जेवलीस का?" भाऊजींनी, म्हणजे आक्कांच्या यजमानांनी, ती रेकॉर्ड आहे असं पुष्कळ समजावलं. "असंल की," आक्का म्हणाल्या, "पर बोलताना कुनीतरी बोललं असंलच न्हवं?" यावर भाऊजींना काही सुचलं नाही. त्यांना संसारात फारसं काही सुचू दिलेलंच नाही.

अशा बाईच्या हाती गोष्टीचं पुस्तक पडल्यावर काय होणार! ते पुस्तक घरात आणलं आमच्या सुनेनं. माझ्या पुतण्याची, म्हणजे आक्कांच्या मुलाची, ही बायको निपाणीची, तंबाखूच्या व्यापाऱ्याची मुलगी, शिकलेली आणि तोंडानं फटकळ. तिच्या लग्नाच्या ट्रंकेत साड्यांखाली एक जाडजूड पुस्तक होतं, परीकथेतल्या प्रेमकहाणीच्या मालिकेचा पहिला भाग. आक्का गुंजीच्या शाळेत चौथीपर्यंत शिकलेल्या. अक्षरावर बोट ठेवून, मोठ्यानं वाचतात. म्हणून दुपारी त्या सुपात तांदूळ निवडायला बसायच्या आणि सून वाचून दाखवायची. गोष्ट अशी, की एका राजपुत्राचा आवाज चेटकिणीनं चोरलेला असतो. नावाड्याची पोर त्याच्यावर जीव जडवते, स्वतःचा अर्धा आवाज त्याला देते आणि शेवटी दोघांचं लग्न होतं. सून वाचता वाचता रडली. आक्का रडल्या नाहीत, त्यांना वेगळीच काळजी होती. लग्नात मुलीकडून आहेर कुणी केला ते लिहिलेलंच नव्हतं. "पोरीला आई न्हाय व्हय?" त्यांनी विचारलं. पुस्तकात नव्हती. "मग मी हाय की," आक्का म्हणाल्या, आणि त्या क्षणापासून तो राजपुत्र आमच्या घरचा जावई झाला. दिवाळीचं उटणं लावताना त्याची आठवण निघे, फणस फोडताना निघे. भाऊजी एकदा वैतागून म्हणाले, "आपल्याला पोरगीच न्हाय, जावई कुठला आणलास?" आक्का नुसत्या हसल्या. मुलगी नसल्याचं त्या कधी बोलल्या नाहीत, पण ते हसणं मी पाहिलं.

मी बेळगावात राहते, त्यामुळे दुसऱ्या भागाची चौकशी माझ्या गळ्यात पडली. आक्का रोज फोन करून विचारायच्या आणि मी शाळा सुटली की दुकान गाठायची. पुढेपुढे मला लांबून पाहिलं की दुकानदार आत काहीतरी शोधायला जायचा.

दुसरा भाग यायच्या आतच घरात मात्र वेगळं प्रकरण झालं. गणपतीला पाहुण्यांनी घर भरलं होतं. सुनेनं बोलण्याच्या भरात आक्कांच्या करपलेल्या भाताची थट्टा केली आणि आक्कांनी सगळ्यांदेखत परतफेड केली. "तंबाखूच्या घरची पोर ती! बोलाय लागली की समोरच्याला शिंका येत्यात." घर हसलं. मी हसले. पुतण्या तर पोट धरून हसला, आणि मला वाटतं सुनेला खरं लागलं ते तेच. गणपती पोचवून आल्याबरोबर तिनं बॅग भरली आणि निपाणीची वाट धरली.

आमच्याकडे बाईला माहेराहून किंवा सासरहून न्यायला जो येतो त्याला मुराळी म्हणतात. भाऊ येतो, दीर येतो, कधी नवरा स्वतः येतो. मुराळ्याशिवाय रुसलेली बाई परतली तर तिच्या माहेरची मान खाली गेली असं समजतात. निपाणीहून व्याह्यांचा निरोप आला, मुराळी धाडा. पुतण्या म्हणाला, आई म्हणाली तर जातो. भाऊजी म्हणाले, तुझी आई काय म्हणते बघ. आणि आक्का म्हणाल्या, "जशी गेली तशी यील. मला कोण आलतं न्यायला?"

ते खरं होतं. नवी नवरी असताना आक्काही एकदा भांडून गुंजीला, माहेरी जाऊन बसल्या होत्या. आमच्या घरून कुणी गेलं नाही. शेवटी त्यांनी स्वतःच गाठोडं बांधलं, गाडीत बसल्या आणि खानापूरला उतरून चालत घरी आल्या. ही गोष्ट त्या नेहमी पराक्रम म्हणून सांगायच्या, आणि आम्हीही ती पराक्रम म्हणूनच ऐकायचो. दिवाळी गेली. तुळशीचं लग्न लागलं. सून निपाणीत, पुतण्या बेळगावच्या कारखान्यात, आणि दुपारचे तांदूळ आक्का एकट्याच निवडत. हे घर मोडतंय की काय, अशी भीती मला पहिल्यांदा वाटली.

अशात दुसरा भाग आला. मी तो गावी पोचवला. नंतर बरेच दिवस आक्कांचा फोन नाही, हे इतकं अघटित होतं की मीच काळजीत पडले. एके दिवशी आला. "ये गं लगोलग," त्या म्हणाल्या, "जावई हातचा गेला."

मी धावत गेले. आक्का पुस्तक मांडीवर पालथं ठेवून ओसरीवर बसल्या होत्या. दुसऱ्या भागात राजपुत्राला आवाज मिळाला होता आणि तो त्याचा उपयोग फक्त बायकोवर संशय घ्यायला करत होता. "पयल्या भागात मुका हुता तवा किती शाणा हुता!" आक्का म्हणाल्या. मग नावाड्याची पोर रुसून बापाच्या झोपडीत जाते, आणि तो अर्धं पुस्तकभर सज्जात उभा राहून चंद्राकडे बघतो. ती नदीच्या घाटावर बसून आहे, तो सज्जात उभा आहे, आणि तिथंच भाग संपतो. "राजवाडा एवढा, घोडी एवढी, परधान एवढा," आक्कांचा आवाज चढला, "आनि एक मुराळी मिळंना व्हय गं?"

मी शिक्षिका. समोर आलेलं उदाहरण मला सोडवत नाही. "आक्का," मी म्हटलं, "आपल्या घरात तरी कुठं मिळतोय?"

"ते पुस्तक हाय," आक्का फाडकन म्हणाल्या, "हे घर हाय." आणि आत निघून गेल्या. माझं उदाहरण वाया गेलं असं मला वाटलं. जेवताना मात्र त्या एकदम म्हणाल्या, "वाचताना सारखी शेजारी वळायचो गं मी. काय तरी बोलायसाठी. शेजारी सूप." मग हात धुता धुता म्हणाल्या, "उद्या निपाणीला जाऊया."

"सुनेला आणायला?"

"छट्! पुस्तक दाखवाय."

कर्नाटकात बायकांना बस फुकट झाल्यापासून आक्कांचा जगावरचा हक्क आणखी वाढला आहे. बेळगावात बस बदलली. आक्कांनी आधारकार्ड पुढे केलं आणि कंडक्टरनं कन्नडमधून विचारलं, कुठं निघालात अज्जी? आणि आक्का कन्नडमधून, अगदी सहज म्हणाल्या, "निपाणी. सोसीन करकोंड बराक होंटीनि." म्हणजे, सुनेला घेऊन यायला निघालेय. मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं. घरात मराठीत जे त्यांच्या ओठावर येईना, ते परक्या माणसापुढे कन्नडात बिनदिक्कत आलं होतं. मला कळलं नाही असं दाखवलं, आणि तवंदीचा घाट येईपर्यंत आम्ही दोघी भाताच्या भावाबद्दल बोललो.

व्याही दारातच होते, तोंड फुगवून. आक्का सोफ्यावर बसल्या, पाणी प्यायल्या, कुणाचीही ख्यालीखुशाली न विचारता पिशवीतून पुस्तक काढलं आणि दारामागे उभ्या असलेल्या सुनेला म्हणाल्या, "बघितलास काय केलंय ह्येनं?"

सून म्हणाली, "वाचलंय मी, आत्त्या. दुकानात आल्या आल्या घेतलं." मग ती म्हणाली, "लई वाईट लिवलंय."

"लई!"

आणि मग दोघींनी मिळून त्या राजपुत्राला असं काही धारेवर धरलं, की व्याह्यांना वाटलं हे आपल्या जावयाबद्दलच चाललंय. ते बिचारे मध्येच म्हणाले, जाऊ दे, पोरगा तसा वाईट न्हाय. शेवटी विहीणबाईंनी सगळ्यांना भानावर आणलं. "ते ऱ्हाऊ दे. मुराळी म्हणून कोण आलंय तुमच्याकडनं?"

"मी आलोय की," आक्का म्हणाल्या. "मिशा तेवढ्या न्हाईत."

आजवर सासू मुराळी होऊन आल्याचं निपाणीत कुणी ऐकलं नव्हतं. विहीणबाई हसावं की रागवावं या विचारात असतानाच आक्का सुनेकडे वळल्या, आणि त्यांचा आवाज मी कधी ऐकला नव्हता इतका खाली आला. "ते शिंकांचं मी हसण्यावारी बोललो गं. सगळी हसली. तू न्हाय हसलीस, ते मला तवाच दिसलं हुतं. दिसून गप बसलो." सून दारामागून पुढे आली. "मला कोन आलं न्हाय न्यायला," आक्का म्हणाल्या. "मी आपली आपन आलो म्हनून सांगतो समद्यांस्नी. पर गुंजीत गाडी थांबली की मी दारात यून हुभा ऱ्हायचो. उतरनारं मानूस वळखीचं हाय काय बघाय. रोज."

इतक्या वर्षांत हे त्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं. माझ्या डोळ्यांना धार लागली आणि मी ती लपवली नाही. सून खाली बसली आणि तिनं आक्कांच्या मांडीवर डोकं ठेवलं. "त्यांनी पण यायला पायजे हुतं," ती तिथूनच म्हणाली.

"त्याचं मी बघतो," आक्का म्हणाल्या, आणि त्या स्वरात मला पुतण्याची दया आली.

सून त्याच दिवशी आमच्याबरोबर आली. पुतण्या बेळगावच्या स्टँडवर बॅग घ्यायला उभा होता आणि पुढचे कित्येक दिवस तो चंद्राकडे चुकूनही बघत नव्हता. आता दुपारी ओसरीवर पुन्हा दोघी असतात. भात अजून करपतो.

मालिकेचा तिसरा भाग काही आला नाही. दुसरा कुणालाच आवडला नाही, आता पुढं लिहिणार नाहीत म्हणे, असं दुकानदारानं मला परवा सांगितलं. मला वाटलं, आक्का लेखकाच्या सात पिढ्यांचा उद्धार करतील. त्यांनी सुपातले तांदूळ नुसते हलवले. सून आत चहा ठेवत होती, कपबशांचा आवाज येत होता. तिकडे एकदा बघून त्या हळूच मला म्हणाल्या, "आमची आली गं. पर ती पोर अजून घाटावरच बसलीया न्हवं? तिला आता कोन जायाचं आनाय?"